हवेत चालणारा माऊस आणि आईचा हात

माझ्या आईचा हात थरथरतो हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी तिच्यासाठी हवेत हात फिरवून चालवायचा माऊस विकत आणला.

बरं, मी काही या विषयातला अडाणी नव्हे. राहुरीतल्या एका शाळेत मी पोरांना संगणक शिकवतो. फळ्यावर माऊसचं चित्र काढतो, शेपटीसकट, आणि पोरं हसली की दटावतो. त्यामुळे माऊस या प्राण्याबद्दल तालुक्यात तरी आपल्याइतकं कुणाला कळत नाही, अशी माझी समजूत होती. घरातल्यांची तशी समजूत नव्हती. घरातल्यांना माझे आधीचे पराक्रम माहीत होते. टीव्हीचा आवाज नीट करायला बसलो आणि त्याची भाषाच कोरियन करून उठलो, ती परत मराठी व्हायला पंधरवडा गेला. इन्व्हर्टर बसवला तेव्हा घरातले दिवे सोडून ओट्यावरचा दिवा त्याला जोडला. अजूनही लाईट गेली की आमच्या घरात काळोख असतो आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना मात्र लख्ख उजेड. बायको म्हणते, "तुम्ही काही दुरुस्त करायला घेतलं की मी आधी मेणबत्ती शोधते."

पण या माऊसचं तसं हसण्यावारी नेता आलं नाही.

आई निवृत्त शिक्षिका. गावात आणि आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांत, ती सगळ्यांची 'बाई'. तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही तिला बाईच म्हणतात. हात थरथरायला सुरुवात कधी झाली ते तिने आम्हाला कळूच दिलं नाही. मला कळलं ते तिच्या चहाच्या बशीवरून. आयुष्यभर कपाने चहा पिणारी बाई एकदम बशीशिवाय कप उचलेना. डाव्या हातात बशी, उजव्या हातात कप, आणि दोन्ही छातीशी धरलेले. मी म्हटलं, थंडी वाजतेय वाटतं. बायको म्हणाली, "थंडी मे महिन्यात?"

मग नगरला डॉक्टरांकडे नेलं. आता त्या शहराला अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडाला अजून वळण पडलं नाही. डॉक्टरांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. ते माझ्या लक्षात राहिलं नाही. "घाबरण्यासारखं काही नाही, पण पूर्ण जाणारही नाही" एवढं राहिलं. हात टेकलेला असला की थरथर कमी, हवेत धरला की जास्त, आणि कुणी बघतंय असं वाटलं की सगळ्यांत जास्त. हे त्यांनी मला मराठीत, सावकाश, दोनदा सांगितलं होतं. एस.टी. स्टँडवर आई मला म्हणाली, "हे घरातच ठेवायचं. मावशीलासुद्धा बोलायचं नाही."

मावशी म्हणजे शेजारची, रक्ताची नव्हे. महिला मंडळात आईबरोबर गेली कित्येक वर्षं खांद्याला खांदा लावून बसणारी. तिलाही सांगायचं नाही म्हणजे प्रकरण गंभीर होतं. आणि कारण मला माहीत होतं. कारण होतं ते महिन्याच्या पहिल्या रविवारचं.

पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकर म्हणजे पावाचे बारीक चौकोनी तुकडे, आणि द्राक्षारस म्हणजे काळ्या मनुका शुक्रवारी भिजवून, शनिवारी उकळून, कोळून, फडक्यातून गाळलेला रस. तो अंगठ्याएवढ्या काचेच्या पेल्यांत भरतात. पेल्या भोकं पाडलेल्या गोल ताटांत बसवतात, ताटं बाकांवरून फिरतात. या सगळ्याची तयारी आई करायची. ते काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. माझ्या लहानपणापासून ती करत आली, एवढंच. रविवारी उपासनेच्या आधी चर्चमागच्या लहान खोलीत ती एकटी जायची, दार लोटायची, आणि एका चिमुकल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, किटलीने पेल्या भरायची. खाली पांढरंशुभ्र कापड. त्या कापडावर कधी डाग पडला नाही, हा तिचा अभिमान. ती तसं बोलायची नाही. पण कापड वाळत घालताना ते ती रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर घालायची.

पोरांना शिकवणं संपलं, बाबा गेले, गुडघे गेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एकेक करून सगळं सुटत गेलं. ती किटली राहिली होती.

हात थरथरायला लागल्यापासून तिने दार लोटण्याऐवजी आतून कडी लावायला सुरुवात केली होती. एकदा मी खिडकीतून पाहिलं. कोपर टेबलावर रोवलेलं, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं, ओठ आवळलेले. एक पेली भरली की थांबायची, श्वास घ्यायची, मग दुसरी. पाखराच्या चोचीत पाणी घालावं तशी भरत होती. मी खिडकीतून निघून आलो. त्या महिन्यापासून कापड रस्त्याच्या बाजूला दिसेना. मागच्या परसात, चादरीच्या आड वाळायला लागलं.

तर असा तो हात. आणि त्या हातासाठी मी माऊस आणला.

माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल की माझं लक्ष तिच्या डोळ्यांवर होतं. ऑपरेशननंतर तिला मोबाईलवरचं बारीक दिसेना. म्हणून शाळेने मोडीत काढलेला एक संगणक मी बाहेरच्या खोलीत आणून टीव्हीला जोडून दिला. गीतांचे शब्द भिंतीएवढे दिसायला लागले. रविवार सोडून इतर दिवशीही ती कुठकुठल्या उपासना बघायची, मध्येच कोल्हापूरच्या एखाद्या पास्टरच्या व्याकरणाच्या चुका काढायची. फक्त माऊस टीव्हीखालच्या टेबलावर आणि आई दिवाणावर. पुढचं कडवं लावायचं म्हटलं की हाक यायची, "अगं, जरा पुढे सरकव गं." बायको हाताला पीठ लागलेलं तशीच यायची आणि माऊसवर पिठाची बोटं उठायची.

तिसऱ्यांदा पीठ पुसलं तेव्हा मी ठरवलं, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. इथेच खरं तर कुणीतरी मला धरायला हवं होतं.

नगरच्या दुकानात तो मिळाला. दिसायला रिमोटसारखा, वायर नाही. संगणकाला मागे बोटाच्या पेराएवढा तुकडा खोचायचा, की झालं. टेबल लागत नाही, काही लागत नाही. हवेत धरून मनगट वळवाल तिकडे पडद्यावरचा बाण पळतो. मी दुकानातच मनगट वळवून बघितलं आणि हरखून गेलो. आईचं मनगट त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे आलंच नाही. माझंच होतं ना समोर, ते छान वळत होतं.

घरी येऊन मी आधी स्वतः चालवून दाखवला. दिवाणापासून, दारातून, पाठमोरा होऊनही. बाण टीव्हीभर वारा प्यायलेल्या वासरासारखा धावत होता. "बघ आई," मी म्हटलं, "आता कुणाला हाक मारायला नको." आणि तो तिच्या हातात दिला.

तिने तो पुढे धरला. पडद्यावरचा बाण थरथरायला लागला.

आता हातातली थरथर ती किती? बोटभरसुद्धा नसेल. चहाच्या कपात लपायची, पदराखाली लपायची. पण तीच टीव्हीवर गेली आणि हातभर झाली. काळ्या पडद्यावर तो पांढरा बाण तापल्या तव्यावरच्या पाण्याच्या थेंबासारखा नाचत होता. बायको स्वयंपाकघरात गेली आणि गॅस बंद करून आली. गॅस पेटलेलाच नव्हता.

आई पडद्याकडे बघत राहिली. आपला हात तिने आजवर वरून पाहिला होता, जवळून. असा समोरून, लोकांना दिसेल तसा, पहिल्यांदाच पाहत होती.

"हे माझंय?" तिने विचारलं.

"छे, नवीन आहे ना तो," मी म्हटलं. "सुरुवातीला करतात असं. सेटिंग करावं लागतं." आणि मी तो तिच्या हातातून घेतला. पुरावा म्हणून माझाही हात मी हळूच थरथरवला. "हे बघ, माझ्या हातातपण करतोय."

तीस-पस्तीस वर्षं वर्गावर काढलेली बाई. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गणिताच्या तासाला पोरांच्या पोटात दुखायचं," ती म्हणाली, "ते असंच दुखायचं."

मला वाटलं, आता तो माऊस कपाटात जाणार. मी तो गुपचूप टीव्हीमागे ठेवूनही दिला. पण चार-सहा दिवसांनी शाळेतून मधल्या सुट्टीत घरी आलो तर आई दिवाणावर, लोडावर कोपर रोवून, माऊस हातात. टीव्हीवर कुठलंसं गीत चाललेलं, आणि बाण पडद्याच्या कोपऱ्यात, खिडकी बंद करायची जी फुली असते ना, तिच्यावर. फुली लाल झाली होती. बाण निसटला की ती पांढरी व्हायची, आला की लाल. आई श्वास रोखून ती लाल ठेवायचा प्रयत्न करत होती.

"काय करतेस?"

"बोलू नकोस," ती म्हणाली. बाण निसटला. "गेलं बघ."

हळूहळू कळलं ते असं. कुठल्या वेळी हात किती स्थिर राहतो हे तिला त्या बाणावरून दिसत होतं. सकाळी न्याहारीनंतर बरा. दुपारी मध्यम. दिवेलागणीला अगदीच वाईट. कोपर टेकलं तर काही काळ थांबतो, श्वास सोडताना जास्त थांबतो. एक कडवं संपेपर्यंत फुली लाल राहिली की ती पडद्याकडे बघून मान हलवायची, वर्गात एखाद्या ढ पोराचं उत्तर बरोबर आल्यासारखी.

"कडवंभर थांबतो म्हणजे पेली भरता येते," तिने बायकोला सांगितलं. मला नाही सांगितलं. मला बायकोकडून कळलं.

आणि मग मी काय केलं असेल? मी खूश झालो. जी वस्तू मी मूर्खपणाने आणली होती ती आता मोठ्या दूरदृष्टीने आणल्यासारखी माझ्या डोक्यात बसायला लागली. शाळेत एका सहकाऱ्याला सांगूनही टाकलं की घरच्या वयस्क माणसांना अशी साधनं दिली पाहिजेत, त्याने आत्मविश्वास वाढतो. कुणाची आई ते सांगितलं नाही. तेवढी अक्कल तेव्हा शिल्लक होती.

पुढचा पहिला रविवार नीट पार पडला. आई सकाळी लवकर गेली, कडी लावली, बाहेर आली तेव्हा कपाळावर घाम होता, पण चालताना पाठ ताठ. त्या आठवड्यात कापड पुन्हा रस्त्याच्या दोरीवर आलं. तो पांढरा चौकोन वाऱ्यावर हलताना पाहिला की मला माझाच सत्कार चालल्यासारखं वाटायचं.

त्यानंतर आमच्याकडे घरप्रार्थना आली.

दर आठवड्याला एकेका घरी मंडळी जमते, गीतं म्हणते, वचन वाचते, घरासाठी आणि आजाऱ्यांसाठी प्रार्थना करते, मग चहा. आमची पाळी संध्याकाळी होती. कारखान्याचा सीझन चालू, रस्त्याने उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, दारखिडक्या लावल्या तरी मळीचा वास घरात. लोक आले. "सलाम, बाई." "सलाम." चपला ओट्यावर पसरल्या. पास्टर तरुण, नुकतेच बदलून आलेले, अदबशीर. आईने दिवाण पाहुण्यांना दिला आणि स्वतः मधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची बिनहातांची होती. हे मी पाहिलं, आणि पाहून सोडून दिलं.

गीतांची पुस्तकं मी वाटलीच नाहीत. म्हटलं, आज टीव्हीवर शब्द दाखवू. मी दाराशी उभा राहून, हातातला माऊस असा नुसता उडवून, पानामागून पान बदलत होतो. पहिलं गीत झालं. लोक शब्दांपेक्षा माझ्याकडेच बघत होते, निदान मला तसं वाटलं.

"हे काय नवीन, सर?" पास्टरांनी विचारलं.

"हवेत चालतो," मी म्हटलं. "टेबल नको, वायर नको." आणि उगाचच एक गिरकी मारून दाखवली.

"आगं बया," मावशी म्हणाली, "जादूगारावाणी करतोय ह्यो. आपल्याला न्हाई बाबा जमायचं."

"न जमायला काय झालं, मावशी? आई चालवते. रोज चालवते!" आणि मी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालो, "आई, दाखव गं यांना."

बायको आतल्या दारात कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या पाहण्याचा अर्थ मला पाठ आहे. पण समोर माणसं असली की मला बायको दिसत नाही.

"राहू दे रे," आई म्हणाली.

"अगं दाखव ना! लाजते," मी लोकांना सांगितलं.

"दाखवा की बाई," पास्टरही म्हणाले. भल्या मनाने.

मी पुढे जाऊन माऊस तिच्या हातात ठेवला. वेळ दिवेलागणीची. कोपराला टेकू नाही. खोलीभर माणसं, सगळ्यांची तोंडं टीव्हीकडे. थरथर वाढायला जे जे लागतं ते ते मी एका ठिकाणी जमवून दिलं होतं.

बाण गीताच्या शब्दांवर आला आणि थरथरायला लागला. पहिल्या दिवशीपेक्षाही जास्त. त्याने एक ओळ खोडल्यासारखी केली, मग दुसरी. आईने डावा हात वर आणला, उजवं मनगट धरायला. आणि अर्ध्यातच खाली घेतला, कारण मनगट धरणं म्हणजे कबूल करणं. एकेक करून लोकांच्या माना टीव्हीकडून तिच्या हाताकडे वळल्या. ट्रॅक्टरवर लावलेलं गाणं ओट्यापर्यंत आलं आणि पुढे निघून गेलं.

"बॅटरी उतरली वाटतं," मी म्हणालो.

"बॅटरी कशाची?" मावशी म्हणाली. "बाईचा हात हाय त्यो." ती उठून जवळ आली, आईसमोर उकिडवी बसली. "बाई, कवापास्नं असं? आन् मला बोलल्या न्हाई तुमी?"

आई म्हणाली, "झाले थोडे दिवस." आणि माऊस मांडीवर ठेवून दिला. टीव्हीवर बाण घसरत घसरत खालच्या कोपऱ्यात गेला आणि तिथे गप्प उभा राहिला.

मग पास्टरांनी प्रार्थना केली. घरासाठी केली, मुलांच्या परीक्षांसाठी केली, पावसापाण्यासाठी केली, आणि शेवटी "आमच्या बाईंच्या हातासाठी, प्रभू, ज्या हातांनी तुझ्या मेजाची सेवा केली" असं म्हणून बराच वेळ केली. मनापासून केली. लोक "आमेन, आमेन" म्हणत होते, कुणी नाक ओढत होतं. आमच्यात एखादी गोष्ट खाजगीत लोकांना ठाऊक असेल तोवर ती नाहीच असं वागता येतं. पण ती एकदा मोठ्याने प्रार्थनेत आली की कायमची झाली. मी डोळे मिटले नव्हते. आईने मिटले होते. हात पदराखाली होते, आणि पदर हलत होता.

चहा द्यायला आई उठली तेव्हा मावशीने तिला खांद्याला धरून खाली बसवलं. "बसा तुमी. आमी हाय ना."

लोक गेले. ओट्यावर विसरलेली कुणाची तरी चप्पल आईने बाजूला ठेवली आणि आत गेली. ती रागावली असती तर मला तोंड उघडता आलं असतं.

पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पास्टर आले. बरोबर मंडळीचे एक पंच. पंच खुर्चीच्या अगदी कडेवर बसले आणि टोपी मांडीवर फिरवत राहिले. आत गॅसवर मनुका उकळत होत्या. घरभर तो गोडसर वास.

"बाई," पास्टर म्हणाले, "तुम्ही खूप सेवा केलीत. आता जरा विश्रांती घ्यावी असं कमिटीला वाटतं. म्हणजे, तुमच्यासाठीच."

"दुसरंतिसरं काही मनात आणू नका, बाई," पंच म्हणाले.

मी म्हणालो, "पण सकाळी तिचा हात..." आईने माझ्याकडे न बघता तळहात वर केला. वर्गात करायची तसा. मी थांबलो. तो हातही थरथरत होता आणि आता तो लपवायचं काही कारण उरलं नव्हतं.

"बरं झालं आलात," ती पास्टरांना म्हणाली. "मीच सांगणार होते. कोण करणार आहे?"

"मावशी करते म्हणाल्या. रडत होत्या, पण करते म्हणाल्या."

आई आत गेली. किटली घेऊन आली, पांढऱ्या कापडात गुंडाळून. "जर्मनची आहे. रस राहिला तर काळी पडते, लगेच धुवायला सांगा. राखेने नको, लिंबाच्या सालीने. मनुका आजच्या मी उकळल्यात, त्या तेवढ्या घेऊन जा. गाळायच्या राहिल्यात. फडकं दुहेरी लागतं." मग आणखी काही सांगायचं आहे का म्हणून ती थोडा वेळ आठवत उभी राहिली. नव्हतं. एवढ्या वर्षांचं काम सांगून संपायला एवढाच वेळ लागला.

पंच उठले तेव्हा पातेलं धरायला मीच पुढे झालो. गरम रस त्यांच्या स्कूटरवर दोन पायांमध्ये ठेवून दिला आणि "सावकाश जा" म्हणालो. माझ्या हातून त्या सबंध प्रकरणात न सांडता पार पडलेलं तेवढंच.

दुसऱ्या दिवशी आई चर्चला उपासनेच्या वेळेला गेली. म्हणजे सगळ्यांसारखी. एरवी पहिल्या रविवारी सगळ्यांच्या आधी जाणारी बाई. घरातून निघताना तिला काय करावं सुचेना, दोनदा कुलूप बघून आली. बाकावर माझ्या आणि बायकोच्या मध्ये बसली. मागची लहान खोली तिथून दिसते. दार सताड उघडं होतं, मावशीला कडी लावायची काय गरज?

ताट फिरत आलं. आईने डाव्या हाताने पेली उचलली. मी तिच्या पेलीकडे बघत होतो, सांडतंय का म्हणून, आणि मला दिसलं की पेली अर्धीच भरलेली आहे. मग माझी पाहिली. तीही अर्धी. बायकोचीही. ताटातल्या सगळ्याच अर्ध्या. मावशीने घाबरून तशा भरल्या असतील. की ताट फिरताना नेमकी कुठली पेली कुणाच्या हाती जाईल सांगता येत नाही, म्हणून एकीसाठी सगळ्या अर्ध्या भरल्या, देव जाणे. मावशी पुढच्या बाकावर बसली होती आणि मागे वळून बघत नव्हती.

आईने रस घेतला. एक थेंब सांडला नाही. रिकामी पेली तिने ताटात ठेवली तेव्हा काचेवर काच किणकिणली, बराच वेळ, आणि आजूबाजूचे लोक मुद्दाम छताकडे बघायला लागले.

घरी आल्यावर ती साडी न बदलता दिवाणावर बसून राहिली. टीव्ही बंद होता. बायकोने जेवायला विचारलं, नको म्हणाली. मग आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "अर्ध्या भरतात का कुणी? लोकांना वाटायचं, प्रभूच्या घरीपण टंचाई आली."

आम्ही दोघं हसलो. ती हसली नाही. खिडकीतून रस्त्याकडची दोरी दिसत होती. तिच्यावर माझे दोन शर्ट वाळत होते.

मला ती शांतता सोसेना. मला कुठलीच सोसत नाही. मी टीव्हीमागून तो माऊस काढला, तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो आणि म्हणालो, "आई, ऐक. अजून काही बिघडलेलं नाही. मी पास्टरांना आणि कमिटीला एका सकाळी घरी बोलावतो. न्याहारीनंतर. तू लोडावर कोपर टेक आणि बाण फुलीवर धरून दाखव. कडवंभर. त्यांना डोळ्यांनी दिसलं की सकाळी तुझा हात थांबतो, की किटली परत..."

बायकोने कपाळावर हात मारला.

आईने माऊस माझ्या हातातून घेतला. मला वाटलं, पटलं. तिने तो उलटा केला, मागचं झाकण काढायचा प्रयत्न केला. बोटांना जमेना, म्हणून बायकोकडे दिला. बायकोने सेल काढून तिच्या ओंजळीत ठेवले. ते दोन्ही सेल तिच्या तळहातावर एकमेकांवर वाजत राहिले.

"माझा हात झोपेत तरी थांबतो रे," आई म्हणाली. "तुझं तोंड झोपेतसुद्धा चालू असतं. विचार हिला."